दोन उन्हाळ्यांचं मीठ

९७

पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात तापमानाचा आकडा चढत होता आणि खोलीतली तिन्ही माणसं त्याच्याकडे पाहत होती. एक्याण्णव. चौऱ्याण्णव. सत्त्याण्णव. मग पडदा काळा झाला आणि टेबलाखालच्या कॅबिनेटची घरघर थांबली.

“हे असं,” ज्योत्स्नाताई म्हणाल्या. “काल संध्याकाळपासून हे असंच.”

विपुलने मान हलवली आणि पाठपिशवीतून स्क्रू-ड्रायव्हरचा डबा काढला. घड्याळात दहा पन्नास झाले होते.

ज्योत्स्नाताईंनी अमरावतीच्या एका छापखान्यात बारा वर्षं फ्लेक्सचे बॅनर केले. वाढदिवसाचे, श्रद्धांजलीचे, निवडून आलेल्यांचे, पडलेल्यांचेही. तेच हसरे चेहरे कापायचे, त्याच पिवळ्या अक्षरांशेजारी बसवायचे. गेली तीन वर्षं मात्र छापखान्यातून घरी आल्यावर त्या थ्रीडी ॲनिमेशन शिकत होत्या, आणि आता, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, हैदराबादच्या एका स्टुडिओने घरबसल्या कामासाठी त्यांची परीक्षा घेतली होती. दहा सेकंदांचं चित्र करून पाठवायचं. त्यांनी ज्वारीच्या कणसावर झोके घेत दाणे टिपणारी चिमणी केली होती. दहा सेकंदांच्या दोनशे चाळीस फ्रेमा. एक फ्रेम रंगवून काढायला ग्राफिक्स कार्डाला एक मिनिट. एकसष्ट निघाल्या होत्या, एकशे एकोणऐंशी राहिल्या होत्या. मुदत आज संध्याकाळी पाचची. त्यानंतर पुन्हा बॅनर.

म्हणजे चित्र जोडून पाठवायला पाव तास धरून कार्ड पावणेदोनच्या आत चालू व्हायला हवं. ताईंनी हा हिशेब भिंतीवरच्या कॅलेंडरात आजच्या चौकटीत पेनाने लिहून ठेवला होता. १:४५.

रोग साधा होता. कार्डाबरोबर कंपनीने दिलेलं कूलर, म्हणजे दोन छोटे पंखे आणि त्यांच्याखाली ॲल्युमिनियमच्या पात्यांचा गठ्ठा, निकामी झालं होतं. एक पंखा मेला होता, दुसरा खडखडत होता. तांब्याच्या तीन नळ्यांचं, दुप्पट जाड असं नवं कूलर काल कुरिअरने आलं होतं. जुनं काढायचं, नवं बसवायचं. तासाभराचं काम. विपुलने अशी पाच-सहा कार्डं केली होती आणि प्रत्येक वेळी डबा उघडून तो थेट कामाला लागला होता.

आज तो डब्याचं झाकण बंदच ठेवून बसला होता. कारण हे कार्ड ताईंना त्यानेच विकलं होतं.


वाक्य, पहिला मसुदा

ताई, उघडायच्या आधी तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली.

(राहिलीच.)


एसीची खोली

विपुल तेल्हाऱ्याचा. पुण्यात चार महिने नोकरी करून तो परत आला, आणि का आलास असं कोणी विचारू नये म्हणून पुण्याबद्दल फार बोलायला लागला. फेब्रुवारीत ताईंचा कॉम्प्युटर जोडून देताना त्याने स्वतःकडचं कार्ड त्यात बसवलं. किती वापरलं, ताईंनी विचारलं. चार महिने, तो म्हणाला, तेही पुण्यात, एसीच्या खोलीत.

किमतीसाठी तो खोटं बोलला नव्हता. ताईंनी खरं ऐकूनही तेवढेच दिले असते. त्याला फक्त ती एसीची खोली कोणाला तरी सांगायची होती. खोटं तो स्वतःबद्दल बोलला, कार्ड त्यात सापडलं.

खरं असं होतं की कार्ड तेल्हाऱ्यात, विपुलच्या घरी, दोन उन्हाळे चाललं. कॅबिनेटचं झाकण काढून, खिडकीत बसवलेल्या मोठ्या पाण्याच्या कूलरच्या बरोबर तोंडासमोर. माणसाला गार लागतं तर मशीनलाही लागेल, असं तिकडे सगळेच धरून चालतात. आणि त्या कूलरच्या टाकीत बोरचं पाणी. पूर्णेच्या खोऱ्यातलं, खारपाण पट्ट्यातलं पाणी, ज्यात तुरीची डाळ दोन तास उकळली तरी दाताखाली येते. ते पाणी दोन उन्हाळे वाऱ्याबरोबर उडून कार्डावर बसत राहिलं होतं.

विकण्यापूर्वी विपुलने कार्ड वरून पुसलं होतं. आत त्याने पाहिलं नव्हतं. न पाहताच त्याला माहीत होतं.


चार स्क्रू

तुम्ही बाहेर बसा, उकडतंय, मी करून आवाज देतो, असं त्याने म्हणून पाहिलं. ताईंनी स्टूल आणखी जवळ ओढलं आणि मोबाइलची बॅटरी लावली.

“मले पाहू दे,” त्या म्हणाल्या. “उद्या तू नसशीन तं?”

कोपऱ्यातल्या पलंगावर त्यांच्या सासूबाई, इंदूबाई, ताटात तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. त्यांना या यंत्रातलं काही कळत नव्हतं. पण आज सुनेचं काही मोठं अडलं आहे एवढं कळलं होतं, आणि म्हणून त्या इथेच बसल्या होत्या.

विपुलने कार्ड काढून वर्तमानपत्रावर पालथं ठेवलं. ताईंनी एका कोऱ्या कागदावर कार्डाचा आकार काढून घेतला होता. जो स्क्रू जिथून निघेल तो त्याच जागी कागदावर ठेवायचा. छापखान्यातली सवय. तिथे बॅनरच्या चौकटीचा सुटलेला खिळादेखील त्या अशाच ठेवत.

मधोमध नखाएवढी, काचेसारखी चिप, आणि तिच्याभोवती चार कोपऱ्यांना स्प्रिंगचे चार स्क्रू. एका बाजूचे आधी काढले तर दुसऱ्या बाजूचा दाब चिपवर येतो आणि तिचा कोपरा उडतो. म्हणून ट्रॅक्टरच्या चाकाचे नट काढतात तसे तिरके, आळीपाळीने, थोडे थोडे ढिले करायचे.

पहिला. अर्धा फेरा.

दुसरा, त्याच्या तिरका समोरचा. अर्धा फेरा. ताईंनी विचारलं की चिपला आत्ता दुखतंय का, आणि स्वतःच हसल्या.

तिसरा. अजून सांगता येईल, विपुलला वाटलं. अजून काहीच उघडलेलं नाही.

चौथा फिरेना.

त्याने दाब वाढवला. ड्रायव्हरचं टोक स्क्रूच्या खाचेत घसरलं. पुन्हा. पुन्हा घसरलं. घामाचा थेंब त्याच्या नाकावरून कार्डाच्या बोटभर शेजारी कागदावर पडला, आणि ताईंनी पदराचं टोक पुढे केलं तेव्हा त्याने डोकं मागे घेतलं. त्यांच्याकडून घाम पुसून घ्यायची त्याला लाज वाटली. त्याने मनगट घट्ट धरलं, सगळा भार टाकला.

कट्.

तिघंही थांबली. इंदूबाईंचं बोटसुद्धा डाळीत थांबलं.

स्क्रूच होता. गंज सुटला होता फक्त. पुढचे फेरे मुकाट्याने झाले, आणि जुनं कूलर त्याने दोन्ही हातांनी, बरणीचं झाकण सोडवावं तसं, किंचित डावीकडे, किंचित उजवीकडे करत वर उचललं.

आत पांढरं होतं.

पावसाळ्यात भिंतीला लोणा लागतो तसं. पात्यांच्या फटीफटीत, पंख्याच्या आसाभोवती, कार्डाच्या हिरव्या पाटीवर, वीज येते त्या कडेला तर जाड पापुद्रा.

ताईंनी मोबाइलचा उजेड पापुद्र्यावर धरला. मग त्यांनी मान वळवून आपल्या खिडकीतल्या कूलरकडे पाहिलं. कॅबिनेट त्याच्यापासून हातभर अंतरावर होतं.

“हे मीच केलं ना?” त्या म्हणाल्या. “मार्चपासून याच्याच हवेसमोर ठेवलं मी.”

विपुल म्हणाला, “होते असं.”

दोन शब्द. दोन उन्हाळ्यांपेक्षा त्यांना जास्त वजन होतं, आणि ते तोंडातून गेल्यावर त्याला ते कळलं.

पलंगावरून इंदूबाई म्हणाल्या की त्यांच्या माहेरी, हिवरखेडला, कूलरच्या जाळीला दरसाल असंच पांढरं धरतं, खरवडून काढावं लागतं. ताई म्हणाल्या, आई, ते बोरचं पाणी, आपल्याकडे नळाचं. इंदूबाईंनी तो मुद्दा मान्य केला. थोड्या वेळाने, डाळीतला एक खडा बाजूला टाकत, त्यांनी विचारलं, “तू कुठचा गा, बाप्पा?”

“तेल्हाऱ्याचा, आजी.”

“हं,” इंदूबाई म्हणाल्या, आणि पुन्हा डाळीकडे वळल्या. तेल्हारा आणि हिवरखेड यांच्यात किती थोडं अंतर आहे ते दोघांनाही ठाऊक होतं.


वाक्य, दुसरा मसुदा

ताई, तुम्ही नाही केलं हे.

(ओठापर्यंत आलं. तेवढ्यात ताई म्हणाल्या, “तू आहेस म्हणून बरं, विपुल.” खोडलं.)


सिग्नल नाही

कापूस आणि स्पिरिट. त्याने पांढरं पुसलं, पुसलं, आणि जितकं पुसलं तितकं ते कडांकडे सरकलं. चिपवर पेस्टचा थेंब ठेवला, तुरीच्या दाण्याएवढा; त्याहून जास्त झाला तर बाहेर पसरतो. मेमरीच्या चिपांवर मऊ निळे पॅड. मग नवं कूलर, तांब्याच्या नळ्या वर. कागदावरचे स्क्रू एकेक करून आपल्या जागी गेले, तिरके, आळीपाळीने.

कार्ड आत गेलं. बारा पंचवीस. ताईंनी बटण दाबलं.

पंखे फिरले, आणि काय फिरले. आवाजच नाही.

पडदा काळाच राहिला. मग त्यावर एक छोटी चौकट तरंगायला लागली : सिग्नल नाही.

विपुलने झटक्यात वीज बंद केली.


अकोला, फोनवर

विपुल हे काम जिथे शिकला ते दुकान अकोल्यात. दुकान धम्मदीपचं. त्याला फोन कर, ताई म्हणाल्या, आणि स्पीकरवर टाक, मलाही ऐकायचं आहे. विपुलने टाळायला एक-दोन कारणं शोधली. ताईंनी कॅलेंडरकडे बोट दाखवलं.

“काय बे विपल्या,” धम्मदीपचा आवाज खोलीभर झाला. “पुन्याचे साहेब. गरिबाची आठवण कशी काय आली?”

विपुलने घाईघाईने सगळं सांगितलं, म्हणजे एक गोष्ट सोडून सगळं. धम्मदीपने मधे न बोलता ऐकलं. आत पांढरं निघालं का, त्याने विचारलं. निघालं, असं ताईच म्हणाल्या, तेव्हा त्याने आवाज खाली आणला आणि कोण बोलतंय ते विचारून घेतलं.

“ताई, मशीन कूलरच्या हवेसमोर ठेवता काय?”

“हो दादा. चुकलंच माझं.”

“चुकलं नाई, सगळेच ठेवतात. सालात धा कार्डं येतात माह्याकडं अशी. टाकीत पानी कोनतं? बोरचं का नळाचं?”

“नळाचं.”

“मंग भ्यायचं नाई. नळाच्या पान्यात तेवढं मीठ नसते. साधा थर असन. विपल्या, स्पिरिटनं अजून एक हात मार, वरून धा मिनिटं ड्रायर, आन् कर चालू.”

विपुल फोनजवळ वाकला. “आन् मीठ असलं तं?”

“मीठ स्पिरिटनं जात नाई बे, तुले शिकवलं होतं ना. पसरते. सोल्डरच्या दोन टाक्यांच्या मधात बसते आन् करंटले वाट करून देते. एकडाव तं वाचलं. त्याच्यावर पुन्हा वीज सोडली का कार्ड जळलंच समज. पन हे मीठ नाई ना. काहून विचारून राहिला?”

“असंच,” विपुल म्हणाला.

ताईंनी कपाटातून केसांचा ड्रायर आणला आणि लावला. गरम हवेचा सूं आवाज सुरू झाला. बारा बेचाळीस. विपुलने कार्ड पुन्हा बाहेर काढून कापूस स्पिरिटमध्ये बुडवला. आता फक्त पुसायचं होतं, बसवायचं होतं, आणि बटण ताईंनी दाबायचं होतं. कार्ड त्यांच्या हाताने जळलं असतं. त्यांच्याच कूलरमुळे, त्यांच्याच हाताने. जन्मभर त्यांनी तसंच सांगितलं असतं, आणि विपुल किती झटला तेही सांगितलं असतं.

इंदूबाई त्याच्याकडे पाहत होत्या. रागाने नाही. डाळीकडे पाहत होत्या तशाच.

धम्मदीप म्हणाला, “चल मंग, ठेवू का?”


वाक्य

“ठेवू नका, भाऊ. मीठच आहे. माह्या घरचं. हे कार्ड पुण्यात एक दिवसही नव्हतं. दोन उन्हाळे तेल्हाऱ्यात होतं, बोरच्या पाण्याच्या कूलरसमोर. ताईंनी काही नाही केलं.”


बॅटरीचं पाणी

ड्रायर चालूच होता. ताईंनी तो बंद केला तेव्हा खोलीत फक्त फोनमधून येणारा अकोल्याच्या रस्त्याचा आवाज उरला. कोणी तरी हॉर्न वाजवत होतं.

आधी बोलला तो धम्मदीप, आणि तो कामाचंच बोलला. इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकायचं पाणी घरात असेल, ते घ्यायचं. त्यात काहीच नसतं, म्हणून ते मीठ ओढून घेतं. नवं कूलर काढा, कार्ड त्या पाण्याने धुवा, घाबरू नका, धुवाच, मऊ ब्रशने. मग स्पिरिट. मग कोरडं ठणठणीत होईपर्यंत ऊन. थेंबभर ओल राहिली तरी वीज सोडायची नाही.

“विपल्या,” शेवटी तो म्हणाला. “आपलं बाकीचं मंग बोलू.”

फोन ठेवेपर्यंत इंदूबाई पलंगावरून उठल्या होत्या. जिन्याखालून बॅटरीच्या पाण्याचा कॅन आणून त्यांनी टेबलावर ठेवला.

ताई एवढंच म्हणाल्या, “तासभर मले वाटलं मीच.”

विपुलने तोंड उघडलं. त्यांनी हात वर करून थांबवलं. “आता नाही. एक वाजला.”

पुढचं सगळं दोघांनी मिळून केलं. चार स्क्रू पुन्हा निघाले. कार्ड परातीत, वरून पाण्याची बारीक धार, दात घासायच्या नव्या ब्रशने फटीफटीतून. परातीच्या तळाशी पाणी दुधी झालं. ओतलं. पुन्हा धार. पुन्हा दुधी, पण कमी. तिसऱ्यांदा स्वच्छ.

मग स्लॅबवर. बाहेर चव्वेचाळीस होतं, आणि ते पहिल्यांदाच कोणाच्या तरी उपयोगाचं होतं. ताईंनी कोरड्या ताटात कार्ड उन्हाला धरलं, पाच मिनिटं एक बाजू, पाच मिनिटं दुसरी, पापड वाळवताना करतात तसं. विपुल चपला खालीच विसरला होता. तापलेल्या स्लॅबवर तो एक पाय उचलायचा, टेकवायचा, दुसरा उचलायचा. तुम्ही खाली जा, मी धरतो, असं तो म्हणाला. ताईंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. थोड्या वेळाने त्यांनी कोपऱ्यातलं गोणपाट पायाने त्याच्याकडे ढकललं, त्याच्याकडे न पाहता.

एक तेवीसला ते खाली आले.

पेस्टची नळी जवळजवळ संपली होती. पिळून पिळून मुगाएवढी निघाली. विपुलने नवं कूलर बसवलं आणि स्क्रू उचलायला हात पुढे केला.

“दे इकडं,” ताई म्हणाल्या.

त्याने ड्रायव्हर दिला. पहिला, अर्धा फेरा. तिरका समोरचा, अर्धा फेरा. त्यांनी एकदाच पाहिलं होतं आणि ते त्यांच्या हातात होतं. फक्त चौथ्याला, खाच झिजलेल्या त्या स्क्रूला, टोक घसरलं. विपुल पुढे झाला नाही. ताईंनी ओठ दाबले आणि पुन्हा घातलं.

कॅलेंडरातल्या आकड्यावरून घड्याळ पुढे गेलं तेव्हा त्या कार्डाची शेवटची केबल लावत होत्या. एक बावन्न. बटण दाबण्याआधी त्यांनी इंदूबाईंकडे पाहिलं.

पंखे फिरले.

पडदा काळा.

काळा.

काळा.

मग पांढरा ठिपका, मग कंपनीचं चिन्ह, मग ताईंनी स्वतः केलेली चिमणी, ज्वारीच्या कणसावर, बासष्टाव्या फ्रेमेत अर्धवट वाकलेली.


६१

आकडा एकेचाळीसवरून चढायला लागला. पन्नास. अठ्ठावन्न. एकसष्टवर येऊन बसला, आणि बसूनच राहिला.

ताईंनी बासष्टावी फ्रेम हातातल्या घड्याळावर मोजली. एक्कावन्न सेकंद. तापलेलं कार्ड स्वतःचा वेग आवरतं, म्हणून इतके दिवस मिनिट लागत होतं. त्यांनी मनातल्या मनात गुणाकार केला, कॅलेंडरातला १:४५ खोडला आणि खाली लिहिलं ४:२६.

मग उठून त्यांनी खिडकीतला कूलर बंद केला. नळाचंच पाणी होतं, काही बिघडलं नसतं. तरी केला. खोली पाच मिनिटांत भट्टीसारखी झाली. विपुलने डबा आवरला, पाठपिशवी खांद्याला लावली.

“बस,” ताई म्हणाल्या. “चिमणी संपेपर्यंत बस.”

तो बसला. दीडशे फ्रेमा राहिल्या. शंभर. इंदूबाईंनी मठ्ठा केला, तिघांना दिला, विपुलच्या पेल्यात मीठ घालायचं का ते विचारलं. तो नको म्हणाला. ताईंच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं आणि गेलं. पडद्यावर चिमणी एक दाणा टिपायची, कणीस झुकायचं. प्रत्येक एक्कावन्न सेकंदांनी ते नखभर आणखी झुकत होतं. चाळीस राहिल्या तेव्हा आकडा त्रेसष्टवर गेला आणि विपुलने खुर्चीचा हात घट्ट धरला. तो परत एकसष्टवर आला.

चार सव्वीसला दोनशे चाळिसावी फ्रेम निघाली. चार एकेचाळीसला चित्र हैदराबादला पोचलं. मिळालं, असं उत्तर आलं. पुढचं आठवड्याने कळणार होतं.

ताई खुर्चीवरून उठल्या. जुनं कूलर त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलं, वरून दोरा बांधला, जसा त्या बॅनरच्या गुंडाळीला बांधत, आणि विपुलच्या हातात दिलं. मग भिंतीवरून कॅलेंडर काढलं आणि पेनासकट त्याच्यासमोर टेबलावर ठेवलं.

“अकोल्याच्या त्या दादाचा नंबर लिहून दे. पुढं काही बिघडलं तं त्याले फोन करीन.”

विपुलने पेन घेतलं. चार सव्वीसच्या खाली त्याने दहा आकडे लिहिले, फोनमध्ये पाहून, मग पुन्हा एकदा फोनशी ताडून, आणि नंबर खरा आहे का ते ताईंनी लगेच तिथेच लावून पाहीपर्यंत दाराशी उभा राहिला.